रिपोर्ट निगेटिव्ह, बोटं मात्र सुजलेली: आमवाताचं निदान आणि उपचार प्रत्यक्षात कसे होतात

प्रश्न बार्शीहून आला आहे. विचारणारीची आई ४४ वर्षांची, घरगुती खानावळ चालवते. पाच महिन्यांपासून दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं दुखतात, सुजतात. सकाळी तास-दीड तास मूठ वळत नाही, त्यामुळे भाकऱ्यांचं पीठ मळायला दुसरी बाई ठेवावी लागली. रक्त तपासलं तर आरए फॅक्टर (आमवातात बहुधा आढळणारी अँटिबॉडी) निगेटिव्ह, युरिक अ‍ॅसिड ६.१, एएसओ थोडा वाढलेला, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारा आकडा) ५८. हातांचा एक्स-रे नॉर्मल. एका डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दहा दिवस आई अगदी बरी होती, मग पुन्हा तेच. एक जण म्हणतो रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे वात नाही. दुसरा म्हणतो पुण्याला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञाकडे न्या. मुलीने नेटवर वाचलंय की तिथे कॅन्सरचं औषध देतात आणि ते जन्मभर घ्यावं लागतं. जावं का, तिथे नेमकं काय करतात, आणि हा आजार पुढे मलाही होईल का, असे तिचे प्रश्न आहेत.

आधी थेट उत्तर. हो, जा, आणि या महिन्यातच जा. तुम्ही लिहिलेलं चित्र ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे ज्याला आपण आमवात म्हणतो त्याचं असण्याची शक्यता बरीच आहे. आरए फॅक्टर निगेटिव्ह आल्यामुळे ती संपत नाही. आईला न तपासता मी निदान करू शकत नाही. पण पाच महिने दोन्ही हातांची बोटं सुजतात, सकाळी तासभर आखडलेली असतात आणि ईएसआर वाढलेला आहे, एवढ्यावर तज्ज्ञाकडे पाठवायलाच हवं. खरं तर सहा आठवड्यांतच पाठवायला हवं होतं. सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज राहिली की ते अस्तर कूर्चा आणि हाड कुरतडू लागतं, आणि हे नुकसान पहिल्या दोन वर्षांतच दिसायला लागतं. कुरतडलेलं हाड पुन्हा भरून येत नाही. म्हणून आम्हा ऱ्हुमॅटॉलॉजिस्टांकडे पहिल्या काही महिन्यांना इतकं महत्त्व आहे.

तिथे गेल्यावर पहिला अर्धा तास बहुतेक बोलण्यातच जातो. काही नातेवाईकांना वाटतं, एवढ्या लांबून आलो, रिपोर्टची फाइल पुढे केली, आणि डॉक्टर मात्र विचारतायत की सकाळी उठल्यावर ब्रश धरता येतो का. पण निम्म्याहून अधिक निदान इथेच होतं. झिजेच्या संधिवातात सकाळचा आखडलेपणा पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात सुटतो, आणि दिवसभर काम केल्यावर दुखणं वाढतं. आमवातात उलटं असतं. रात्रभर विश्रांती झाली तरी सकाळ सर्वांत वाईट, आणि हालचाल सुरू झाली की तासाभराने हात सुटतात. तुमच्या आईला दुपारी पोळ्या लाटता येतात पण पहाटे मूठ वळत नाही, असं असेल तर ते आवर्जून सांगा. ताप येऊन गेला का, वजन उतरलं का, डोळे किंवा तोंड कोरडं पडतं का, तोंडात व्रण येतात का, केस गळतात का, उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर चट्टे उठतात का, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का, हेही विचारलं जाईल. हे प्रश्न ल्युपस, शोग्रेन, स्क्लेरोडर्मा अशा सांधे दुखवणाऱ्या इतर आजारांचा माग काढतात. घरात कुणाला सोरायसिस आहे का, हा प्रश्न ऐकून माणसं गोंधळतात. पण सोरायसिसचा संधिवात हुबेहूब आमवातासारखा दिसू शकतो आणि त्यात आरए फॅक्टर सहसा निगेटिव्हच असतो. त्यामुळे डॉक्टरांनी डोक्याची त्वचा, कोपरं, बेंबी आणि नखं निरखून पाहिली तर नवल वाटू देऊ नका.

मग हात. बोटांच्या मुळाशी असलेले सांधे आणि बोटांचे मधले सांधे एकेक करून अंगठ्याने दाबून पाहिले जातात. नखाजवळचे शेवटचे सांधे आमवात सहसा सोडून देतो. तिथे टणक गाठी असतील तर ती बहुधा झीज असते. आमवाताची सूज हाताला भिजवलेल्या कणकेसारखी मऊ लागते, हाडाची वाढ दाबली जात नाही. हा फरक डोळ्यांना कळत नाही, बोटांनाच कळतो, आणि कुठलंही मशीन येण्याआधी तो ओळखायला शिकावं लागतं. बोटांच्या मुळांवर आडवा हलका दाब दिला की आई कळवळली, तर तेही बरंच सांगून जातं. यानंतर चपला-मोजे काढायला सांगतील. पावलांच्या बोटांचे सांधे तपासलेच पाहिजेत. तपासले नाहीत तर तुम्ही स्वतः आठवण करून द्या, कारण आईच्या बाबतीत निदान त्यावर अडू शकतं.

ते कसं, हे सांगतो. अमेरिका आणि युरोपच्या तज्ज्ञ संस्थांनी २०१० मध्ये मिळून आमवाताचे निकष ठरवले. त्यात दहापैकी सहा गुण लागतात. सांध्यांना जास्तीत जास्त पाच, रक्तातल्या अँटिबॉडींना (आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी) तीन, ईएसआर किंवा तशीच सूज दाखवणारा सीआरपी वाढलेला असल्यास एक, आणि त्रास सहा आठवड्यांहून जुना असल्यास एक. आईच्या अँटिबॉडी निगेटिव्ह निघाल्या तर तिथे शून्य. ईएसआरचा एक आणि मुदतीचा एक मिळून दोन. चार ते दहा लहान सांधे धरलेले असतील तर तीन गुण मिळतात, बेरीज होते पाच. दहाहून अधिक सांधे धरलेले असतील तर पाच गुण, बेरीज सात. म्हणजे हातांचे नऊ सांधे मोजून थांबलेला डॉक्टर आणि पावलं दाबून आणखी चार शोधणारा डॉक्टर एकाच रुग्णाविषयी वेगळ्या निष्कर्षाला पोहोचू शकतात. अर्थात हे निकष मुळात संशोधनासाठी, एकसारखे रुग्ण निवडण्यासाठी केलेले आहेत. पाच गुण भरले म्हणून जाणता डॉक्टर हात बांधून बसत नाही. हात लावून सूज स्पष्ट कळत नसेल तर सांध्यांची सोनोग्राफी करतात. डॉपलरमध्ये सुजलेल्या अस्तरातला वाढलेला रक्तप्रवाह दिसतो. तुमचा नॉर्मल एक्स-रे मात्र फार दिलासा देणारा नाही. पाच महिन्यांत एक्स-रे नॉर्मल असणं अगदी स्वाभाविक आहे, आणि तो बिघडण्याच्या आत उपचार सुरू व्हावेत हीच तर सगळी धडपड आहे.

आता रक्ताच्या तपासण्या. ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ नावाने जे पॅकेज गावोगावी विकलं जातं, त्याने फायद्यापेक्षा गोंधळ जास्त केला आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आरए फॅक्टर आमवाताच्या दहापैकी साधारण सात-आठ रुग्णांमध्ये पॉझिटिव्ह असतो, सुरुवातीच्या महिन्यांत त्याहूनही कमी. उलट क्षयरोग, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी, शोग्रेन, एवढंच काय, काहीही आजार नसलेल्या वयस्कर माणसांमध्येही तो पॉझिटिव्ह येतो. त्यामुळे तो निगेटिव्ह आल्याने आजार नाकारता येत नाही आणि नुसता पॉझिटिव्ह आल्याने सिद्धही होत नाही. अँटी-सीसीपी ही तपासणी याहून नेमकी आहे. ती पॉझिटिव्ह आली की आमवाताबद्दल फारशी शंका उरत नाही, आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह असलेल्या काही जणांत ती पॉझिटिव्ह निघते. आईची झालेली नाही, ती होईल. दोन्ही निगेटिव्ह आल्या तरी आमवात असू शकतो. एएसओ घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या संसर्गाची खूण आहे, लहान मुलांच्या संधिवाती तापात तिचा उपयोग. ४४ वर्षांच्या बाईच्या बोटांशी तिचा संबंध नाही. त्या आकड्यावरून कुणी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन सुरू केलं तर नम्रपणे थांबवा. युरिक अ‍ॅसिडही तसंच. गाऊट हा मुख्यतः पुरुषांचा आजार, पाळी चालू असलेल्या बाईत तो फार क्वचित होतो, आणि त्याची सुरुवात बहुधा पायाच्या अंगठ्यात मध्यरात्री होते, दोन्ही हातांच्या बोटांत सावकाश नाही. ६.१ या आकड्यावर औषध नको आणि डाळी बंद करणं तर मुळीच नको.

बार्शीच्या माणसाने विचारलंय म्हणून एक गोष्ट मुद्दाम. १९७३ मध्ये चिकुनगुन्याची मोठी साथ तुमच्याच गावात आली होती. त्यानंतर हा विषाणू देशात तीन दशकं जवळपास गप्प राहिला आणि २००५-०६ मध्ये परतला तो आजतागायत आहे. चिकुनगुन्यानंतरचे सांधे आमवाताची हुबेहूब नक्कल करतात: तीच बोटं, तीच मनगटं, तोच सकाळचा आखडलेपणा. बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत निवळतं, काहींचं रेंगाळतं. म्हणून दुखणं सुरू होण्याआधी जोराचा ताप, अंगावर पुरळ, घरात किंवा आळीत आणखी कुणाला तसाच त्रास, असं काही होतं का ते आठवून ठेवा. निदान त्यावरून फिरू शकतं. हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड, ल्युपससारख्या आजारांसाठी केली जाणारी एएनए, आणि साधी लघवीची तपासणी हेही होईल. लघवीच्या तपासणीला हलकं लेखू नका. ल्युपस मूत्रपिंडात शिरला असेल तर पहिली खूण बहुधा लघवीतल्या प्रथिनांतच सापडते.

इंजेक्शनबद्दल. ज्याने दहा दिवस आई अगदी बरी झाली ते बहुधा स्टेरॉइड होतं. त्याचा इतिहास मोठा आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये या शोधाला नोबेल मिळालं. मग लांबवर वापरल्यावर काय होतं ते जगाला कळलं: हाडं ठिसूळ, साखर वाढलेली, रक्तदाब, मोतीबिंदू, सुजलेला चेहरा, आणि औषध थांबवलं की आजार पुन्हा जागच्या जागी. आम्हीही स्टेरॉइड वापरतो. पण कमी मात्रेत, मूळ औषध काम करू लागेपर्यंतचे काही आठवडे निभावून नेण्यासाठी, आणि तीन महिन्यांच्या आत कमी करत थांबवण्यासाठी. दर पंधरा दिवसांनी गावात टोचून घेणं हा उपचार नाही. दुखणं थांबतं, पण आजार चालूच राहतो. तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी पुन्हा इंजेक्शन घेऊ नका, नाहीतर तपासायला सूजच उरणार नाही. मात्र आई रोज स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असेल, उदाहरणार्थ वायसोलोन, तर त्या मनाने एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं तोवर मंदावलेलं असतं, आणि अचानक गोळी थांबली की रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. चिठ्ठी सोबत न्या, एवढं पुरे.

ज्याची भीती वाटते त्या औषधाचं नाव मेथोट्रेक्सेट. हो, ते कॅन्सरमध्येही वापरतात. पण कॅन्सरमध्ये ते शिरेतून मोठ्या मात्रेत देतात, काही वेळा हजारो मिलिग्रॅम. आमवातात आठवड्यातून एकदा, साधारण १० ते २५ मिलिग्रॅम. या मात्रेत ते पेशी मारण्यासाठी नसून बिघडलेल्या प्रतिकारशक्तीला शांत करण्यासाठी असतं. या औषधामागे आपल्या देशाचा माणूस आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. आंध्रात जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख होते आणि अमिनॉप्टेरिन, मेथोट्रेक्सेट ही औषधं त्यांच्या गटाने घडवली. आमवातासाठी अमेरिकेत त्याला अधिकृत मान्यता १९८८ मध्ये मिळाली. आज जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत आमवाताचं पहिलं औषध हेच आहे, आणि ते स्वस्तही आहे.

त्याचा खरा धोका कॅन्सरच्या नावात नाही, चुकून रोज घेण्यात आहे. ही गोष्ट मी प्रत्येक रुग्णाला आणि सोबतच्या माणसालाही परत परत सांगतो. आठवड्यातून एकच दिवस. वार ठरवा, समजा रविवार, आणि पाकिटावर मराठीत ठळक लिहा: फक्त रविवारी. रोज घेतलं तर रक्तपेशी कोसळतात, तोंड सोलपटतं, आणि माणसं दगावलेली आहेत. दुकानदाराने ‘रोज एक’ म्हणून दिलं तरी ऐकू नका. सोबत फॉलिक अ‍ॅसिड दुसऱ्या दिवशी, त्याने मळमळ आणि तोंडाचे व्रण कमी होतात. मळमळ तरीही त्रास देत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, किंवा पोटाच्या त्वचेखाली टोचायचं इंजेक्शन मागावं, ते बऱ्याच जणांना सोसतं. सुरुवातीला महिन्याने, मग दोन-तीन महिन्यांनी सीबीसी, एसजीपीटी आणि क्रिएटिनिन, म्हणजे रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड तपासायचं. याला कंटाळा करून चालत नाही. दारू नको. जुलाब-उलट्या, ताप किंवा मोठा संसर्ग असेल तर त्या आठवड्याची मात्रा वगळा आणि डॉक्टरांना फोन करा. आणि लघवीच्या जळजळीसाठी किंवा जुलाबांसाठी कुणी सेप्ट्रानसारखी कोट्रायमॉक्सॅझोलची गोळी दिली, तर ‘मी मेथोट्रेक्सेट घेते’ हे आईने आधी सांगायलाच हवं. ही दोन्ही एकत्र आली तर अस्थिमज्जा दबते. हा धोका अनेक ठिकाणी लक्षात राहत नाही.

आईची पाळी चालू असेल तर गर्भधारणेबद्दल विचारतील. ४४ व्या वर्षी हा प्रश्न काही जणींना अवघड वाटतो, पण तो विचारणं डॉक्टरांचं कर्तव्य आहे. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड गर्भाला घातक आहेत. ज्यांना मूल हवं आहे त्यांच्यासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन ही गरोदरपणातही चालणारी औषधं आहेत, फक्त बेत आधी सांगावा लागतो.

परिणाम लगेच दिसत नाही. सहा ते बारा आठवडे लागतात, आणि याच काळात सर्वाधिक रुग्ण औषध सोडतात, कारण इंजेक्शनने दुसऱ्या दिवशी मिळालेला आराम डोक्यात असतो. म्हणून आम्ही प्रत्येक भेटीत मोजतो. २८ ठरलेले सांधे दाबून किती दुखतात, किती सुजलेत. रुग्ण स्वतःच्या त्रासाला दहापैकी किती गुण देते, डॉक्टर किती देतात. चारही आकड्यांची बेरीज केली की सीडीएआय मिळतो. समजा आईचे दहा सांधे दुखरे, आठ सुजलेले, तिचे गुण सहा, डॉक्टरांचे पाच: झाले २९. बावीसच्या वर म्हणजे आजार जोरात, दहापर्यंत म्हणजे आटोक्यात, आणि २.८ किंवा त्याखाली म्हणजे आजार शांत. तीन महिन्यांत आकडा स्पष्ट उतरला नाही, किंवा सहा महिन्यांत ठरलेल्या पातळीवर आला नाही, तर औषध वाढवायचं किंवा बदलायचं. ‘बरं वाटतंय, चालू ठेवा’ एवढ्यावर भागत नाही. ग्लासगोमध्ये झालेला आणि २००४ साली प्रसिद्ध झालेला टिकोरा नावाचा अभ्यास यासाठी मला फार मोलाचा वाटतो. तिथे एका गटाला दर महिन्याला तपासून, आकडा बघून औषध वाढवलं; दुसऱ्या गटाला नेहमीसारखे उपचार दिले. औषधं दोन्हीकडे जुनी, स्वस्तच होती. दीड वर्षाने पहिल्या गटात ६५ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला, दुसऱ्यात १६ टक्के. नवी महागडी औषधं नव्हती, फक्त नियमित मोजणं आणि वेळेवर बदलणं होतं. बार्शीहून पुण्याला महिन्याला येणं सोपं नाही, याची मला जाणीव आहे. पण पहिले सहा महिने तरी हा प्रवास करा. नंतर भेटी लांबवता येतात, रक्ततपासण्या गावात करून रिपोर्ट पाठवता येतात.

मेथोट्रेक्सेट एकट्याने पुरलं नाही तर सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन किंवा लेफ्लुनोमाइड देतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बराच काळ घेतल्यास डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासायचे. त्याची मात्रा वजनाप्रमाणे ठरते. एवढ्यानेही भागलं नाही तर बायॉलॉजिक (जिवंत पेशींमध्ये बनवलेली औषधं) आणि टोफॅसिटिनिबसारखी औषधं आहेत. टीएनएफ हा सूज पेटवणारा रेणू रोखणाऱ्या बायॉलॉजिक औषधांचा पाया लंडनमध्ये मार्क फेल्डमान आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी घातला. ती गुणकारी आहेत, भारतीय कंपन्यांनी बनवल्यापासून थोडी आवाक्यातही आली आहेत. पण टीएनएफ हाच रेणू फुप्फुसातल्या सुप्त क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवतो. तो अडवला की क्षय उसळू शकतो, आणि आपल्याकडे सुप्त क्षय किती जणांत आहे हे सांगायला नको. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू किंवा इग्रा तपासणी, सुप्त क्षय सापडला तर आधी त्याची औषधं. टोफॅसिटिनिबची जेनेरिक गोळी स्वस्त झाल्यामुळे ती हल्ली पटकन लिहिली जाते, हे मला पटत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, धूम्रपान करणाऱ्या किंवा हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांत ती जपून द्यायची असते. बहुसंख्य रुग्णांचं जुन्या औषधांवर नीट भागतं, जर ती पूर्ण मात्रेत आणि पुरेसा वेळ दिली तर.

जन्मभर का? बऱ्याच जणांना कुठलं ना कुठलं औषध कमी मात्रेत दीर्घकाळ लागतं, हे लपवत नाही. आजार सलग सहा महिने ते वर्षभर शांत राहिला की आधी स्टेरॉइड, मग इतर औषधं हळूहळू कमी करून पाहतो. काहींची अगदी थोडक्यावर येतात. मनाने एकदम थांबवणाऱ्यांत मात्र आजार पुन्हा उसळतो, आणि प्रत्येक वेळी तो पूर्वीइतक्या सहज आटोक्यात येईलच असं नाही.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पहिल्या आठवड्यातच शेजारीपाजारी सांगतील: आंबट बंद, दही-ताक बंद, वांगं, बटाटा, हरभऱ्याची डाळ बंद. यातल्या कशानेही आमवात होतो किंवा वाढतो असा पुरावा नाही. उलट या आजारात आधीच रक्त कमी झालेलं असतं, वजन उतरलेलं असतं; त्यात ताक-डाळ काढून घेतली तर बाई आणखी खचते. आईने सगळं खावं, एखाद्या पदार्थाने तिला स्वतःला त्रास होतो असं पक्कं जाणवलं तर तेवढा टाळावा. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भरणार नाही, सूज उतरली की बहुधा आपोआप सुधारतं. तंबाखू, विडी, सिगारेट मात्र खरोखर घातक. धूम्रपानाने हा आजार होण्याचा धोकाही वाढतो आणि औषधांचा गुणही कमी येतो.

आयुर्वेदिक औषध चालू असेल तर लपवू नका, नाव सांगा. बिननावाच्या पुड्यांची मला खरी काळजी वाटते. ज्या पुडीने दोन दिवसांत चमत्कार होतो, भूक वाढते आणि महिन्याभरात चेहरा गोल होतो, तिच्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता असते. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात प्रसिद्ध केली आहे. मेथोट्रेक्सेटसोबत तर ती नकोच. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही रोज घेऊ नयेत. त्या दुखणं कमी करतात, हाडाचं कुरतडणं थांबवत नाहीत, आणि मूत्रपिंड व जठर बिघडवतात.

हातांच्या कामाचं बोलू, कारण खानावळ हाच घराचा आधार दिसतो. सांधे गरम आणि सुजलेले असताना पीठ मळणं, ओले कपडे पिळणं, जड पातेलं बोटांच्या टोकांवर उचलणं टाळावं. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून मुठी उघड-मिट केल्या की आखडलेपणा लवकर सुटतो. मनगटाला रात्री स्प्लिंट बांधला तर आराम मिळतो. भांडं दोन्ही तळव्यांवर उचलावं, झाकण तळव्याने उघडावं, मळण्यासाठी यंत्र परवडत असेल तर घ्यावं. सूज उतरली की मात्र हात वापरायचे, नुसते जपून ठेवले तर स्नायू वाळतात. वेळेत उपचार सुरू झाले तर आईने पुन्हा स्वतः भाकरी थापावी, ही अपेक्षा अगदी वाजवी आहे.

जाताना आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या न्या, औषधांची रिकामी पाकिटंसुद्धा. सुजलेल्या हातांचा सकाळी सहा-सातच्या सुमारास मोबाइलवर काढलेला फोटो फार उपयोगी पडतो, कारण भेट दुपारची असते आणि तोवर सूज थोडी ओसरलेली असते. पुण्या-मुंबईत या विषयाचे तज्ज्ञ आहेत, मुंबईत केईएमसारख्या महापालिकेच्या रुग्णालयात याचा स्वतंत्र विभाग आहे, खर्चाची अडचण असेल तर तिथे जा. हा आजार दुर्मिळ नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत सुमारे अर्धा टक्का प्रौढांना आमवात आढळला. म्हणजे दोनशे माणसांमागे एक. तुमच्या तालुक्यातही अशा कितीतरी बाया असतील, आणि त्यातल्या अनेकींना अजून इंजेक्शनच मिळत असेल.

शेवटचा प्रश्न तुमचा स्वतःचा. आईला किंवा वडिलांना आमवात असेल तर मुलांना तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा काही पट वाढते, पण मुळात ती इतकी कमी आहे की बहुतेक मुलांना तो कधीच होत नाही. काही त्रास नसताना आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी करून घेऊ नका. पॉझिटिव्ह आली तरी त्यावर आज द्यायला औषध नाही, काळजी मात्र घरात येऊन बसते. तंबाखूपासून दूर राहा. आणि कधी बोटांचे सांधे सुजून सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेले राहू लागले, आणि ते सलग काही आठवडे चाललं, तर पाच महिने थांबू नका.